शनिवारची फवारणी

बेलटोला,
६ जुलै २०२५

ती. तुलाराममामा,

पायावर डोकं ठेवते. तुमचा कान आता फोनवर चालत नाही, आणि योगेंद्रदादा मध्ये उभे राहून निरोप सांगतात तेव्हा त्यात अर्धं त्यांच्या मनचं असतं. म्हणून पत्र. गुलाबभाऊ रोज मोटरसायकलनं वरठीच्या कारखान्यात जातातच, त्यांच्या खिशात टाकून देते.

शाळेच्या किल्ल्यांचा जो जुडगा तुम्ही एकतीस वर्षं कमरेला लावला, तो तेवीस जूनपासून माझ्या कमरेला आहे. तुमचे जावई हातमागावर बसल्या बसल्या म्हणाले, "आता तू मॅडमपक्षा जास्त वाजून राहिली." मला मात्र हसू येत नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर वर्षभर शाळेला धड कुणी नव्हतं. तांदळाच्या खोलीत उंदीर, स्वयंपाकघरात झुरळं, आणि मुलं बसतात त्या टाटपट्ट्यांत ढेकूण. पहिलीतली पोरं पाढे कमी म्हणतात आणि मांड्या जास्त खाजवतात.

शाळा समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव परवा येऊन गेले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुलाराम होता तं शाळेत झुरळ सांगाले नोयतं. हे बाईमानसाचं काम नाही." पोळ्यानंतर बैठक आहे. तोवर किडे थांबले नाहीत तर माझ्या जागी दुसरा माणूस येणार. मामा, लग्न होऊन तेरा वर्षं झाली, घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार पहिल्यांदा येतो आहे, आणि तो माझ्या नावावर आहे. मला ही नोकरी जाऊ द्यायची नाही.

मुख्याध्यापिका कीर्ती मॅडमनी मला भंडाऱ्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलं बसतात तिथे विष मारू नका, किड्याचं खाणंपाणी तोडा. पण तुम्ही काय करत होता ते मला नीट सांगा. तुमच्याएवढं ह्या इमारतीला कुणी ओळखत नाही.

तुमची भाची,
सत्यवती

---

वरठी,
१० जुलै २०२५

चि. सत्यवती,

मामानंच भाचीच्या पायाला हात लावायची आपल्यात रीत. तो कागदावरून लावला असं समज, आता पुढे मामाचा रुबाब.

लक्ष्मणराव म्हणाले ते वाचून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. इथे मला कोण विचारतं? सकाळी नातीला बसपर्यंत सोडतो, मग कारखान्याचा धूर बघत बसतो. योगेंद्रची हर्षा सून म्हणून गुणाची आहे, पण केर दाराआड ढकलते. मी तो काढतो तर तिला राग येतो. निरोपाच्या दिवशीची शाल अजून घडी मोडली नाही. "या गावाच्या लेकरांना तुलारामनं किडामुंगीसुद्धा चावू दिली नाही" असं त्या दिवशी माईकवर बोलले होते, तेव्हा मला चांगलं ऐकू येत होतं.

आता ऐक. शनिवारी दुपारी शाळा सुटली की खिडक्या लावायच्या. आपला शेतातला पंप घ्यायचा, धानावर खोडकिड्यासाठी मारतो ते औषध पाण्यात घालायचं आणि भिंतीच्या कडेनं मारत जायचं. रविवार मधला. सोमवारी झुरळं उताणी पडलेली. औषध घरचं, उरलेलं, शाळेला खर्च नाही. जे औषध धानाला चालतं ते शाळेला का चालू नये? भंडाऱ्याच्या त्या बाईंनी कधी धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय घातला आहे का, विचार.

टाटपट्ट्यांवर मात्र मारू नकोस. बाकी कुठेही मार.

तुझा मामा,
तुलाराम

---

बेलटोला,
२२ जुलै २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागावू नका, पण पंप मी काढला नाही. रोवणीत तुमचे जावई औषध मारून आले की मी त्यांना अंघोळीशिवाय लेकराला हात लावू देत नाही. मग तेच औषध दुसऱ्याच्या लेकरांच्या खोलीत कसं मारू?

त्या बाईंनी सांगितलं तसं चालवलं आहे. तांदळाची पोती पाटांवर चढवली आणि भिंतीपासून वीतभर सरकवली, म्हणजे मागे काय चाललंय ते दिसतं. उंदरांच्या भोकांत भांडी घासायची तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट लावलं. दात लावून बघतात आणि परत जातात. पोषण आहार झाला की अर्ध्या तासात झाडते, खरकट्याची बादली त्याच दिवशी गावाबाहेर नेते. पोछा पिळून उन्हात टाकते. तुम्ही तो बादलीतच ठेवत होता ना? झुरळांना रात्रभर पाणपोई होती ती. भिंतीलगतचं गवत कापलं, सरपण लांब नेलं, दारांखाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या. स्वयंपाकघरात चिकट कागद ठेवून रोज सकाळी झुरळं मोजते. पहिल्या दिवशी एकेचाळीस, आज सव्वीस. गावाला मात्र सव्वीसच दिसतात, कमी झालेली पंधरा कुणाला दिसत नाहीत.

एक विचारू? टाटपट्ट्यांवर का नाही मारायचं? ढेकूण तर तिथेच आहेत.

आणि दुसरं. गोदावरीबाईंची नात दुसरीत आहे. त्या रोज तिला सोडायला येतात, पण फाटकाच्या आत पाय टाकत नाहीत. काल मी एकटी पोती ओढत होते तर बाहेरूनच म्हणाल्या, "खालचं पोतं आधी काहाड बाई, ओल तेथीच धरते." मग कळलं, पूर्वी शाळेचा स्वयंपाक त्याच करत होत्या. मी ह्या गावात आल्यापासून ऐकते की त्यांच्या हातचं खाऊ नये, लग्नाकार्यात त्यांना चुलीजवळ बोलावू नये. का, ते कुणी धड सांगत नाही. त्यांना काढलं तेव्हा तुम्ही शाळेत होता. काय झालं होतं?

सत्यवती

---

वरठी,
२७ जुलै २०२५

चि. सत्यवती,

पट्ट्या खराब होतात म्हणून नाही मारायचं. सुतळी कुजते.

गोदावरीबाईंच्या भानगडीत पडू नकोस. जुनी गोष्ट आहे. खिचडीतून मुलांना बाधा झाली, तिला काढलं, संपलं. गावाला सगळं माहीत आहे.

तू झुरळं मोजत बसलीस तर बैठकीपर्यंत सव्वीसाची वीस होतील, आणि लक्ष्मणरावांना एक दिसलं तरी पुरे. नोकरी महत्त्वाची की कागद? गुलाबजवळ औषधाची बाटली पाठवतो आहे, योगेंद्रच्या शेतातली उरलेली. बैठकीच्या आधी एकदा कडेकडेनं मारून टाक. मग वर्षभर तुझं ते खाणंपाणी तोडणं कर.

मला दोन दिवस झोप नीट लागलेली नाही. हर्षा म्हणते चहा कमी करा.

तुलाराम

---

बेलटोला,
१२ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

बाटली मिळाली. पंधरा दिवस कपाटावर होती, आज खाली काढली.

काल ऑफिसात गादीच्या खुर्चीवर बसून लक्ष्मणराव कागद वाचत होते आणि त्यांना ढेकूण चावला. नेमका तेव्हाच. उठून म्हणाले, "आता अध्यक्षाचंही रक्त पिऊन राहिले. काहून ठेवलं हिले?" मी तिथेच उभी होते. हसावं की रडावं ते कळेना. भंडाऱ्याचा एक मशीनवाला आहे, धूर सोडतो, एका दुपारीत सगळी शाळा साफ करतो म्हणे. त्याला बोलवायचं आणि माझ्या जागी लक्ष्मणरावांच्या ओळखीचा माणूस ठेवायचा, असं त्यांनी मनात पक्कं केलं आहे.

झुरळं अकरावर आली. उंदीर नाहीत. ढेकूण तेवढे हटत नाहीत, आणि ते पट्ट्यांतच आहेत.

मी थकले, मामा. दोन महिने कंबर मोडून जे केलं ते एका ढेकणानं पाण्यात घातलं. म्हणून ठरवलं आहे. पोळा शुक्रवारी, शनिवारी मारबत, मग रविवार. सलग तीन दिवस शाळा बंद. तेवढ्यात एकदाच औषध मारते, आणि पट्ट्यांवरही मारते. सुतळी कुजते म्हणालात, पण पट्ट्या तशाही जुन्या आहेत, कुजल्या तर कुजल्या. मारून गुंडाळून ठेवीन, सोमवारी पोरं बसतील तेव्हा ढेकूण मेलेले असतील. कीर्ती मॅडमना सांगणार नाही. तुम्ही एकतीस वर्षं केलंत, कुणाला काही झालं नाही, तर माझ्या एका वेळेनं काय होणार आहे?

सत्यवती

---

वरठी,
१३ ऑगस्ट २०२५

सत्यवती,

मारू नको. पट्ट्यांवर नाही, भिंतीवर नाही, कुठेच मारू नको. गुलाबला सांगितलं आहे की घरी जायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात द्यायचं.

कुणाला काही झालं नाही असं तू लिहिलंस. झालं होतं.

दोन हजार नऊ साल. असाच पोळा होता, पट्ट्यांत असेच ढेकूण. मी तुझ्यासारखाच विचार केला. शनिवारी पट्ट्यांवर औषध मारलं, ओल्याच गुंडाळल्या. सोमवारी पहिलीची पोरं त्यांच्यावर बसली, तिथेच खिचडी खाल्ली, सांडलेली शितं वेचून खाल्ली, बोटं चाटली. दुपारपर्यंत अकरा पोरं ओकायला लागली. तोंडातून लाळ थांबेना. ट्रॅक्टरमध्ये टाकून आंधळगावला आणि तिथून भंडाऱ्याला नेली. सगळी वाचली. लक्ष्मणरावांची पुतणी आठ दिवस दवाखान्यात होती.

सगळे म्हणाले खिचडी. मलाही वाटलं खिचडीच असेल. चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, तेल जुनं होतं का? मी म्हणालो, "असंन." एवढा एक शब्द बोललो. दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईंना काढलं.

त्यानंतर तीन दिवसांनी पोरांनी ओकून घाण झालेल्या पट्ट्या धुवायला मी गावामागच्या बोडीवर नेल्या. धुऊन वर काढल्या, विडी ओढत बसलो. अर्ध्या घंट्यात काठाजवळच्या मासोळ्या पांढरी पोटं वर करून आल्या. तिथे मला कळलं. ढेकणावर मारलेलं औषध कुठे गेलं होतं ते त्या मासोळ्यांनी दाखवलं, आणि मी काठावर कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. मी पट्ट्या उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग सणानंतर सांगू म्हटलं. मग वर्ष झालं, आणि वर्षानंतर सांगायला जास्त तोंड लागतं. पट्ट्यांवर मारणं सोडलं, भिंतींवर मारत राहिलो, कारण एकदम सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं का सोडलं. पाहिलंस, खोटं कसं टिकवावं लागतं. निरोपाला शाल घेतली तेव्हा गोदावरीबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या.

तुझ्या मामीलाही हे माहीत नव्हतं. ती गेली तशीच.

तुलाराम

---

बेलटोला,
२४ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा अजून हातात वेळ होता. बाटली कीर्ती मॅडमकडे दिली. ती कुठून आली तेवढं सांगितलं, बाकी काही नाही. त्यांनी कुलुपात ठेवली आहे, कृषी केंद्रात परत करणार आहेत.

दहा दिवस मी उत्तर लिहिलं नाही. मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे. लहानपणापासून मला वाटायचं की मोठी झाले की तुलाराममामासारखं व्हावं, ज्याच्या किल्ल्यांचा आवाज आला की पोरं ओळीत उभी राहतात. आणि रागाबरोबर हेही वाटतं की बोडीच्या काठावर त्या दिवशी तुमच्याशेजारी कुणीतरी बसायला हवं होतं. दोन्ही वाटतं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

काल मारबत झाली. पहाटे इडापिडा गावाबाहेर घालवायला पोरं घराघरातून ओरडत निघाली, "ढेकून, मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" मी त्यांना म्हटलं, शाळेतही चला की. साठएक पोरं आली, आयाही आल्या. मोडके बाक, फुटके फळे, कपाटामागची रद्दी, सगळं ओरडत ओरडत गावाच्या शिवेवर नेलं. तुमचे जावई मागावरून उठून आले, लक्ष्मणरावांच्या खुर्चीची गादी त्यांनी स्वतः फाडून जाळली आणि फार खूश झाले. मग शाळेच्या मोठ्या गंजात पाणी उकळून आम्ही एकेक पट्टी त्यात बुडवली, दोरीवर वाळवल्या. भिंतींच्या चिरा पुट्टीनं बुजवल्या. ढेकूण असे मरतात मामा, नुसत्या कढत पाण्यानं. खूप पाणी आणि खूप माणसं लागतात एवढंच. तुम्ही एकट्यानं करत होता, म्हणून बाटली लागली.

तरी शनिवारी, तीस तारखेला बैठक आहे आणि मशीनवाल्याचं लक्ष्मणरावांनी सोडलेलं नाही. पुन्हा किडे झाले तर कोण जबाबदार, असं म्हणतात. औषधानं काय होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत असेल. मी ते बोलणार नाही. नोकरी गेली तरी बोलणार नाही, ते माझं नाही. तुम्ही या असंही म्हणत नाही.

आज नातीला सोडायला म्हणून नव्हे, रविवार असूनही गोदावरीबाई फाटकाशी येऊन वाळत घातलेल्या पट्ट्या बघत होत्या.

सत्यवती

---

वरठी,
२७ ऑगस्ट २०२५

चि. सत्यवती,

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आहे, नाहीतर जीभ वळेल तिकडे वळते. योगेंद्रला काल सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी येतो संगं." मी नको म्हटलं. हर्षानं सदरा इस्तरी करून ठेवला आहे.

लोक काय म्हणतील ते मला ऐकू येणार नाही. बहिरेपणाचा एवढा एकच फायदा आजवर झाला, आणि तो मला ह्या वेळी घ्यावासा वाटत नाही. तू सगळं ऐकून ठेव.

तुलाराम

---

बेलटोला,
२ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

एसटीत चढताना तुम्ही विचारलंत, गोदावरीबाई काय म्हणाली? मी हातानं "काही नाही" अशी खूण केली. ते खोटं होतं. लोक बघत होते आणि स्टँडवर ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. तुम्ही मला ऐकून ठेव म्हणाला होता, म्हणून ऐकलं तसं लिहिते.

तुम्ही कागद वाचत होता तेव्हा तुमचा आवाज फार मोठा होता. तुम्हाला कळत नव्हतं, पण तो बाहेर फाटकापर्यंत गेला, आणि तिथे गोदावरीबाई उभ्या होत्या. "मी असंन म्हणालो" हे वाक्य वाचून तुम्ही थांबलात, तेव्हा कीर्ती मॅडम उठून बाहेर गेल्या आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन आल्या. म्हणून पुढच्या बोडीच्या आणि मासोळ्यांच्या ओळी तुम्ही त्यांच्यासमोर वाचल्यात. मान वर केलीत तेव्हा त्या दिसल्या, आणि तुमच्या हातातला कागद पडला.

आधी लक्ष्मणराव बोलले. तुम्हाला वाटलं ते रागानं बोलत आहेत, कारण ते टेबलावर हात आपटत होते. ते म्हणत होते, "मीनंच हिले बाहेर काहाडलं होतं. मीनं इचारलंही नाही." तेच दोनतीनदा म्हणाले. मग मशीनवाल्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि मॅडमना म्हणाले, "नाही बलवाचा त्याले. सत्यवती करून राहिली तसंच चालू द्या." माझी नोकरी राहिली, मामा. ठरावात लिहिलंय की ह्या शाळेत वर्गात कुणी औषध फवारणार नाही.

मग गोदावरीबाई बोलल्या. त्या तुमच्याकडे बघून बोलत होत्या आणि तुम्ही मान हलवत होता, म्हणून सगळ्यांना वाटलं तुम्हाला ऐकू येत आहे. त्या म्हणाल्या, "मले तं वाटे का माह्याच हातानं लेकरं मरता मरता वाचली. मी जुनं तेल नोयतं घेतलं, पर सारे म्हनत होते तं मलेही तसंच वाटाले लागलं. सोळा वर्सं झाली, घरी फोडनी देतानीबी मी आधी तेल हुंगतो. नातनीले घास देल्ला का अर्धा घंटा तिच्या तोंडाकडे पायत बसतो."

तेरा वर्षं मीही त्यांच्या हातचा चहा टाळला होता, मामा. कारण न विचारता.

तुम्ही त्यांच्या पायाशी वाकलात तेव्हा त्या मागे सरकल्या आणि काहीतरी बोलल्या. तुम्हाला वाटलं, त्यांनी तुम्हाला झिडकारलं. परत जाताना तुमचा चेहरा तसाच होता. त्या काय म्हणाल्या ते लिहिते. "पाया पडून माहं काय व्हते? सोळा वर्सं माह्या हातचं कोनं खाल्लं नाई. गुरवारी शाळेच्या आंगनात मी रांधतो. ह्यानं पयल्या पंगतीत बसावं, अन् अध्यक्षानंही. समद्या गावानं पायलं पायजे."

तांदूळ समितीनं दिला आहे. तेल त्यांनी स्वतः आणलं, काल ऑफिसात येऊन मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि न हुंगता परत गेल्या. टाटपट्ट्या मी धुऊन ठेवल्या आहेत. गावात दवंडी झाली आहे.

गुरुवारी पहिल्या एसटीनं या. हर्षावहिनींना सांगा, सकाळी काही खायला देऊ नका. गोदावरीबाईंनी मला फाटकाशी थांबवून पुन्हा बजावलं आहे, "भुक्या पोटी आन त्याले."

तुमची,
सत्यवती